मदत हवी: मालवणी मसाल्याला रंग हवा, तिखट बेताचं, आणि पावसात टिकायला हवा

कुडाळची_सून: मिरगाआधी दोन किलो मिरचीचा मसाला करायचा आहे. सासऱ्यांना पित्ताचा त्रास आहे, बीपीची गोळीही चालू आहे. पण कालवण फिकं दिसलं की ताट पुढे सरकवतात. मिरच्या कोणत्या, किती घ्यायच्या? श्रावणात मसाल्याच्या गुठळ्या होऊन कुबट वास येतो, तो कशाने? आणि मिरची हृदयाला चांगली म्हणतात, ते कितपत खरं?

डंखवाला: ताई, लाल रंग कॅप्सँथिनसारख्या रंगद्रव्यांचा, तिखटपणा कॅप्सेसिनचा. त्यामुळे एक वाढवून दुसरं कमी ठेवता येतं. दोन किलोत १६०० ग्रॅम बेडगी आणि ४०० ग्रॅम संकेश्वरी घ्या. बेडगीत दोन प्रकार, त्यातली डब्बी बघा: ठेंगणी, रंगाला चढ. दुसरी कडी लांब आणि जरा तिखट. लवंगी नि गुंटूर या तिखट मिरच्या यंदा नकोच. धणे किलोभर चालतील, पण काळी मिरी आणि लवंग नेहमीच्या निम्मी करा. पित्तवाल्याला तीही जाचते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. देठ काढल्यावर वजन घटतं, म्हणून मिरची थोडी जास्तच आणा.

कुबट वास म्हणजे ओल. बाजारातली मिरची हाताला चामड्यासारखी लागली तर ती सुकलेली नाही. दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरा आणि ऊन उतरायच्या आत गोळा करा. संध्याकाळचा खारा वारा दिवसभराची मेहनत फुकट घालवतो. हलवल्यावर बिया खुळखुळल्या, मोडल्यावर कट्‌कन तुटली की झालं. मग मंद आचेवर भाजून पूर्ण थंड करा. डंखातून, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रातून, मसाला गरम येतो, तसाच बरणीत दाबला तर वाफ झाकणाला धरते आणि तिथूनच गुठळ्या सुरू होतात. परातीत पसरून रात्रभर कापडाखाली ठेवा, सकाळी भरा. मोठी बरणी उघडायची नाही, रोजच्यासाठी लहान डबी वेगळी.

कुडाळची_सून: बुरशी वरवर असेल तर काढून, ऊन देऊन वापरावा का? आणि बिया काढल्या तर तिखट कमी होईल?

आहार_सल्ला: बुरशी दिसली तर सगळा टाका, काका-काकू कितीही हळहळले तरी. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक, आणि ऊन दिल्याने वा शिजवल्याने पुरतं जात नाही. हिंगाचा खडा ओल्या मसाल्याला वाचवत नाही.

बियांत कॅप्सेसिन फारसं नसतं. ते तयार होतं बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत. शीर खरवडली तर फरक पडतो, पण दोन किलोची कोण खरवडणार? त्यापेक्षा संकेश्वरी कमी करा.

हृदयाचं म्हणाल तर २०१५ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास आला. जवळपास रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १४ टक्के कमी दिसलं. पण तो निरीक्षणाचा अभ्यास, मिरचीमुळेच असं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. बीपीसाठी मिरचीपेक्षा सुकट, लोणचं, पापडातलं मीठ बघा. मिरचीने पोटात अल्सर होतो हाही गैरसमज, पण छातीत जळजळ असेल तर ती वाढू शकते. म्हणून रात्रीच्या जेवणात कमी.

ताज्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर, १०० ग्रॅममध्ये २४० मिलिग्रॅमच्या आसपास; पण कोण १०० ग्रॅम खातं! वाळवल्यावर त्यातलं बरंच जातं. तोंड भाजलं तर पाणी नको, दूध किंवा दही घ्या. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातलं केसीन हे प्रथिन ते धरून ठेवतं.

डंखवाला: अजून एक. तुमच्या आधी कुणी लवंगी कांडून गेलं असेल तर उखळात तिचा भुगा उरतो. आधी मूठभर धणे कांडून ते बाजूला काढायला सांगा, मग तुमची मिरची घाला.