रीफ टँकमधल्या 'न्यूसन्स अल्गी'ला मराठीत काय म्हणायचं? नुसतं शेवाळ म्हणून भागत नाहीये

धागा काढणारी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे घरी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रीफ टँक आहे, आत जिवंत प्रवाळ, पाच मासे आणि थोडे शंख. दीड वर्ष झालं. गेले दोन महिने खडकांवर हिरव्या केसांसारखी वाढ होतेय आणि आता ती प्रवाळाच्या बुडाशी चढायला लागलीय, झोअँथिडचे (फुलासारखी तोंडं असलेले प्रवाळाचे मऊ नातलग) दोन गुच्छ तिच्याखाली मिटले ते उघडलेच नाहीत. इथे हा छंद असलेले सगळे याला न्यूसन्स अल्गी म्हणतात. परवा कुडाळला बाबांशी बोलताना मी म्हटलं टाकीत शेवाळ झालंय, तर ते लगेच म्हणाले, "शेवाळ धरला? मगे काथ्यान घासून काढ." आता घासून मी तीनदा काढलंय आणि दर वेळी दहा-बारा दिवसांत ते परत आलंय. बाबांचं काही चुकलं नाही, मी जो शब्द दिला त्याला हेच उत्तर येणार. शेवाळ म्हटलं की विहिरीची पायरी, पावसाळ्यातलं अंगण, पाय सटकतो म्हणून घासून टाकायची गोष्ट, एवढंच डोळ्यासमोर येतं.

दुसरी अडचण अशी की टाकीत हवीशी अल्गीपण असते. खडकावर गुलाबी-जांभळा कडक थर चढतो ती कोरलाइन, ती यावी म्हणून लोक महिनोन्महिने वाट बघतात. प्रवाळाच्या अंगात राहणारी झूझँथेली हीपण एकपेशीय अल्गीच, ती उजेडात अन्न बनवते आणि त्यावर प्रवाळ जगतं. मग शेवाळ म्हणजे वाईट असं सरसकट कसं म्हणू? 'न्यूसन्स'ला उपद्रवी म्हणावं का? की चांगला शब्द आधीपासून आहे आणि मलाच आठवत नाहीये?

प्रतिसाद, पुणे

शेवाळ आणि शैवाल मुळात एकच, संस्कृत शैवालाचं बोलीत शेवाळ झालं. पण आता दोघांची कामं वेगळी झालीत. शाळेच्या पुस्तकात शैवाल, विश्वकोशात शैवले, आणि घरात शेवाळ, तेही नपुंसकलिंगी, 'ते शेवाळ'. आणि घरातलं शेवाळ फक्त अल्गी नसतंच, पावसाळ्यात कौलांवर आणि झाडांच्या बुंध्यावर मखमलीसारखं येतं ते मॉस, त्यालाही आपण शेवाळच म्हणतो. शेवाळी रंग म्हणतो तोसुद्धा त्या मॉसचाच जास्त वाटतो मला.

क्रियापदं बघा, शेवाळ धरतं, चढतं, साचतं. पायरी शेवाळते. ही सगळी सावकाश होणारी कामं आहेत. दहा दिवसांत खडक झाकून टाकणाऱ्या गोष्टीला यातलं एकही पुरत नाही.

प्रतिसाद, कोल्हापूर

ताई, मला वाचल्या वाचल्या तण हाच शब्द आठवला. तण ही काय वनस्पतीची जात न्हाई, नको त्या जागी उगवलं की ते तण. हरभऱ्याच्या रानात आदल्या वर्षीचा गहू उगवला तरी आम्ही तो तण म्हणूनच काढतो, आणि तोच गहू पलीकडच्या रानात पीक असतो. तुमची ती गुलाबी कोरलाइन म्हणजे पीक झालं आणि केसाळ हिरवी म्हणजे तण. हाताने उपटून काढता त्याला आमच्याकडं भांगलण म्हणतात, विदर्भ-खानदेशाकडं निंदणी म्हणतात, तुमच्या कोकणात भातात बेणणी म्हणत असतील बहुतेक. बाबांना बेणणी म्हणून बघा, लगेच कळेल.

अजून एक, तुमच्या टाकीला फेस काढणारं यंत्र असतं ना, स्किमर. आमच्या भाच्याच्या टाकीला बघितलंय, वरच्या कपात काळपट घाण जमते. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की वर जी घाण येते तिला मळी म्हणतात आणि ती काढत राहावी लागते, नाहीतर गूळ काळा पडतो. हे तेच काम की. त्या कपातल्याला मळी म्हणा.

धागा काढणारी

मळी फार आवडला, आजपासून वापरणार. आणि हो, आमच्याकडे बेणणीच म्हणतात, लहानपणी केलीय.

तण शब्दाने माझं अर्धं काम झालं. पण सगळ्याला एकच नाव दिलं की उपाय चुकतो, हे मी इथे लोकांच्या टाक्यांत बघितलंय, म्हणून एकेक सांगते, नावं सुचवा. माझ्याकडे आहे ते केसाळ, मऊ, ओढलं की तुटून हातात येतं. त्याच्यासारखंच दिसणारं पण पिसासारखी दोन बाजूंना फांद्या असलेलं एक असतं, ब्रायोप्सिस, ते चिवट, गोगलगायी तोंड लावत नाहीत. त्यावर लोक फ्लुकोनाझोल वापरतात, आपण नायट्यावर गोळी घेतो तेच बुरशीचं औषध, साधारण गॅलनला २० मिलीग्रॅम. मग बबल अल्गी, व्हॅलोनिया, हिरवे चकचकीत टपोरे मणी, आणि एवढा मोठा मणी म्हणजे एकच पेशी असते, मला अजूनही खरं वाटत नाही. ते फोडायचे नाहीत, बुडातून अख्खे सोडवायचे. नव्या टाकीत वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखं दिसतं ते डायटम, पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि काही आठवड्यांत बहुतेक आपोआप जातात, त्याला हात लावायचीच गरज नसते.

आणि उरले दोन, सायनो आणि डायनो. सायनो म्हणजे लाल-जांभळी चादर, वाळूवर पसरते, टोक धरून उचललं तर अख्खी निघून येते. डायनो तपकिरी, शेंबडासारख्या तारा सुटतात आणि तारांच्या टोकाला बुडबुडे. दिवे गेल्यावर रात्री कमी झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत तेवढंच.

प्रतिसाद, मालवण

मी समुद्रशास्त्र शिकलोय म्हणून जरा मध्ये बोलतो. सायनोला काटेकोर बोलायचं तर शेवाळ म्हणताच येत नाही, आणि डायनोही केसाळ शेवाळापेक्षा वेगळ्याच गटातला. सायनो हे जिवाणू आहेत, त्यांना नील-हरित शैवाल म्हणायची जुनी सवय आहे म्हणून घोळ होतो. म्हणूनच एरिथ्रोमायसिनसारखं जिवाणूंवरचं औषध सायनोवर चालतं आणि केसाळ शेवाळावर चालत नाही. डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, आमच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या चमकतात ना, ते करणारा नॉक्टिल्युका याच गटातला. आणि गंमत म्हणजे प्रवाळाच्या पोटातली झूझँथेलीपण याच गटातली. एकच कूळ, एक घरात अन्न बनवतंय आणि एक घर बुडवतंय.

सायनोला मराठी शब्द तुमच्या वर्णनातच आलाय बघा, टोक धरून उचललं की अख्खी निघते ती साय. दुधावरची साय तशीच निघते. सायनो आणि साय, कानालाही जुळतं, लक्षात राहील. डायटमला विश्वकोशात करंडक वनस्पती म्हटलंय, मला हा शब्द अतिशय सुंदर वाटतो, कारण त्याचं सिलिकाचं कवच खरंच झाकणाच्या करंड्यासारखं दोन भागांत असतं. डायनोला मात्र तारा किंवा शेंबूड, जे तोंडी येईल ते. खात्री करायची असेल तर थोडं ओढून घ्या, बाटलीत पाण्यासकट जोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात परत तारा धरल्या तर डायनो.

अवांतर: इथे भारतात कोणाला हे वाचून टाकी लावावीशी वाटली तर आधी कायदा बघा. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. आमचं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, इथलं पोवळं पाण्यात जाऊन बघा, घरी नेऊ नका.

प्रतिसाद, नाशिक

तण बरोबर आहे पण ते नाम आहे, तुम्हाला मुळात विशेषण हवंय ना, न्यूसन्सला? उपद्रवी नको. उपद्रवी म्हटलं की त्याचा स्वभावच वाईट असा अर्थ होतो, उपद्रवी प्राणी, उपद्रवी माणूस. आमच्याकडे पाऊस चांगला झाला आणि वेळेवर खुरपलं नाही की म्हणतात रान माजलंय. तण माजतं, गवत माजतं. माजायला खाणं लागतं, उपाशी कोणी माजत नाही. माजलेलं शेवाळ म्हणा की. साधं शेवाळ असू दे, ते माजलं की त्रास.

वर्तमानपत्रात अल्गल ब्लूमला शैवालांचा बहर लिहितात ते मला कधीच पटलं नाही. बहर डाळिंबाचा, मोगऱ्याचा, आनंदाची गोष्ट. रंकाळ्याचं पाणी हिरवं पडलं होतं तेव्हा कोणाला बहर म्हणावंसं वाटलं असेल? आणि त्याच्या मागच्या कारणाला पुस्तकात सुपोषण म्हणतात, ते तर अंगणवाडीचा कार्यक्रम वाटतो. पाणी खतावलं आणि शेवाळ माजलं, पाच शब्दांत सगळं येतं.

धागा काढणारी

माजलेलं! हाच शब्द हवा होता. खरं सांगते, वाचल्यावर उठून जाऊन टेस्ट किट काढलं, कारण दोन महिने मी खरवडत बसले होते आणि नीट मोजलं नव्हतं. एक महिन्यापूर्वी एकदा फॉस्फेट बघितलं होतं तर जवळजवळ शून्य आलं होतं आणि मी निर्धास्त झाले होते, पण तेव्हा पाण्यात दिसत नव्हतं कारण शेवाळच ते खाऊन बसलं होतं. आज नायट्रेट २५ आणि फॉस्फेट ०.३२ पीपीएम. प्रवाळाच्या टाकीत साधारण ५ आणि ०.०५ च्या आसपास असलं की बरं असतं, म्हणजे खताचा ढीगच.

प्रतिसाद, मालवण

माजणे एकदम योग्य, फक्त एक ठिकाणी सांभाळून. डायनो खतावर माजत नाही, उलटं आहे. लोक शेवाळाला घाबरून नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणतात आणि मग डायनो येतो. तिथे उपाय उलटा, थोडं खत घालून बाकीच्या जिवांना परत उभं करायचं.

प्रतिसाद, कोल्हापूर

हे पण रानातच बघायला मिळतंय की. पड पडलेल्या जमिनीत, बांधाला, रस्त्याकडंला, जिथं दुसरं काय उगवत न्हाई तिथं गाजरगवत पहिलं येतं. दाट पिकात त्याला जागा मिळत न्हाई. मग सायनो-केसाळ हे माजलेलं तण आणि डायनो म्हणजे पडीक रानातलं गाजरगवत.

प्रतिसाद, मालवण

दादा, हे मी वर्गात वापरणार आहे.

चरणाऱ्यांबद्दल राहिलं. शंख, सुरमांसे, अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) यांना इंग्रजीत क्लीनअप क्रू म्हणतात म्हणून मराठीतही कोणी सफाई कामगार लिहितं. ते सफाई करत नाहीत, ते चरतात. आणि चरणारं गेलं की काय होतं ते कॅरिबियनमध्ये दिसलं. १९८३-८४ मध्ये तिथले काळे लांब काट्यांचे अर्चिन, डायडेमा, रोगाने जवळजवळ संपले. शेवाळ खाणारे मासे जमैकाच्या लोकांनी आधीच खूप मारले होते. मग जमैकाच्या प्रवाळभित्तीवर शेवाळ माजलं आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी निम्म्याच्या आसपास असलेलं जिवंत प्रवाळ १९९० च्या दशकात पाच टक्क्यांच्या आत आलं. तिथे कोण घासायला जाणार? म्हणून मी गुरंच म्हणतो, चरणारी गुरं.

प्रतिसाद, पुणे

सुरमांसे म्हणजे सुरमई नव्हे ना? वाचताना अडखळलो.

प्रतिसाद, मालवण

चूक झाली माझी, तो शब्द मीच जोडला होता, प्रचारात नाही. सर्जनफिश म्हणजे टँग म्हणायचं होतं, शेपटीजवळ सुरीसारखा काटा असतो म्हणून. टँगच म्हणा, सुरमईशी घोळ नको.

धागा काढणारी

आज रविवार, बाबांना परत फोन केला. या वेळी म्हटलं, बाबा, टाकीत शेवाळ माजलंय, परत परत बेणते पण थांबत नाही. क्षणभर गप्प झाले आणि मग विचारलं, "मगे खत खयसून येता थंयसर?"

दोन महिन्यांत कोणी हे विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मग आम्ही दोघं फोनवर बसून शोधत गेलो. माशांना गोठवलेला मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) देते तो वितळलेल्या पाण्यासकट ओतत होते. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी रोज भरते ते आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, त्याचा क्षार मोजणारा मीटर शून्य दाखवायला हवा, बघितलं तर १४, म्हणजे डीआयचं कार्ट्रिज संपलेलं आणि मी बघितलंच नाही. आणि बाबांनीच विचारलं की खडक किती जुना, कारण जमीन एकदा खतावली की वरून खत बंद केलं तरी दोन-तीन हंगाम जोर राहतो. खडकाचं तसंच आहे, तो फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत राहतो.

तर आता मायसिस गाळणीत धुऊन घालतेय, कार्ट्रिज मागवलंय, बेणणी चालूच आहे पण नळीने ओढून घेत, म्हणजे तुटलेलं तण टाकीत तरंगत राहत नाही. फॉस्फेट शोषणारं लोहाचं दाणेदार औषध निम्म्या मात्रेने लावणार, एकदम खाली आणलं तर प्रवाळाला सोसत नाही, आणि डायनोचं वर वाचलंच आहे. ट्रोकस जातीचे आठ शंख सांगितलेत, शुक्रवारी येतील. बाबांनी त्याचं पण विचारून घेतलं, म्हणाले तेंका गुरांसारखी पुरेशी जागा आसा मां.

मिटलेल्या दोन झोअँथिडपैकी एकाचं एक तोंड आज थोडं उघडलंय. दुसऱ्याचं अजून काही नाही.