अनुभव धागा: दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधताना

परवा भाचीला गृहपाठ होता. ई, ए, एस, टी ही चार अक्षरं घ्या, शब्द करून आणा. ईस्ट, सीट, ईट्स, टीज असे चार तिनं चहा उकळेस्तोवर काढले. मी ईस्टवरच अडकलो. तिच्याकडं इंग्रजी पहिलीपासून आहे, राज्यात 2000 सालापासून तसंच आहे. आमच्याकडं ती पाचवीत आली, आणि आली तीही ऐकायला नाही, बघायला. खताच्या पोत्यावर, औषधाच्या पाकिटावर, एसटीच्या तिकिटावर. आधी अक्षरं ओळखीची झाली, उच्चार पुष्कळ नंतर. तुमची अशी शोधाशोध कुठं झाली? लिहा. बोलीत लिहिलंत तर अजून बरं.

जि. प. शिक्षक, आर्णी तालुका
सहावीला मी फळ्यावर टीचर लिहितो. टी-ई-ए-सी-एच-ई-आर. नियम एकच, अक्षर जितक्यांदा आलं तितक्यांदाच वापरायचं. ई दोनदा चालते, टी एकदाच. पोट्टे टी (चहावाला), इअर, हॅट इथून सुरू करतात. मग कोणाला तरी हार्ट सापडतो आणि तीच पाच अक्षरं फिरवून दुसरा कोणी अर्थ, म्हणजे पृथ्वीवाला, काढतो. इथं वर्ग पेटतो. एका वर्षी वर्षभर तोंड न उघडणारी एक पोरगी मागच्या बाकावरून उठली. "सर, सातही लागले. चीटर." फळ्यावर एकेक अक्षर खोडत गेलो, खरंच एकही उरलं नाही. ही गोष्ट स्टाफरूममध्ये पोचायला मधली सुट्टीही लागली नाही.

संत्रावाला, वरुडकडचा
आमच्याकडं पेट्यायवर ऑरेंज असं मोठ्या अक्षरात छापून रायते. आंबिया बहाराचा माल निवडताना मी अन् माह्या चुलतभाऊ त्याच्यातूनच शब्द काढत बसो. जो हारन त्यानं पाण्याची कॅन भरून आणायची. रेंज, ऑर्गन, ग्रोन, अँगर. भाऊ सायन्सचा, त्यानं आर्गॉन काढला. मी म्हटलं, हे काय तुह्या घरचं आहे? त्यानं पुस्तकच आणून दाखवलं, हवेत रायते म्हणे, शंभरात एकाच्या आसपास. भाव पडला त्या साली अँगर सगळ्यात पयले सापडला होता. सहाही अक्षरं लावणारा शब्द लय मागून समजला, ऑनेजर. म्हंजे रानगाढव. संत्र्यातून गाढव निघालं म्हणून बाबाले सांगतलं, त म्हणे, "मले माईत आहे, बागेत दोन आहेत."

मेडिकल दुकान, चिमूर
आमचा धंदाच हा. चिठ्ठीवर पहिलं अक्षर दिसतं, शेवटचं दिसतं, मधे नुसता साप. अंदाजानं गोळी देता येत नाही, डॉक्टरांना फोन लावावाच लागतो. पण एक शोध दुकानातच लागला. पुतण्याच्या मास्तरांनी विचारलं होतं, एक्स, वाय, झेड लागोपाठ येणारा शब्द कोणता? घरचा शब्दकोश चाळून पोरगा थकला. उत्तर माझ्या दुसऱ्या कप्प्यात होतं. खाज-ॲलर्जीवर देतात ती हायड्रॉक्सिझिन.

भरतीची तयारी करणारा, अकोला जिल्हा
एस, टी, ओ, पी पासून किती अर्थपूर्ण शब्द होतात? आमच्या सराव पेपरच्या उत्तरपत्रिकेत पाच होते. मी सहा काढले: स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स. ऑप्ट्स त्यांनी सोडला होता. मांडण्या 24 होतात, एकेक अक्षर पुढं धरून बाकी तीन फिरवायची. परीक्षेत एवढा वेळ कोण देतो? स्वर मधे बसवायचा आणि दोन्हीकडं जोड्या लावून पाहायच्या, एसटी, एसपी, पीटी. एक मार्क मात्र गेला तो गेलाच.

टायपिंगवाले काका, पुसद
आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये मशीन रिकामं मिळेस्तोवर तासभर बसावं लागे. कळफलकाच्या फक्त वरच्या ओळीतून शब्द काढायचे, हा तेव्हाचा खेळ. प्रॉपर्टी निघतो. टाइपरायटर तर निघतोच. सगळ्यात भारी प्रोप्रायटर, तो समोरच्या पाटीवर रंगवलेला होता, तरी तीन महिने कोणाला दिसला नाही!

सूनबाई, सेलू (वर्धा)
लग्नात स्क्रॅबल आलं होतं, अक्षरांच्या सोंगट्या जोडून इंग्रजी शब्द करायचा खेळ, लाइन गेली की काढायचो. 100 सोंगट्या, त्यात ई 12 आणि क्यू एकच, दहा गुणांची. क्यूच्या मागं बहुतेक यू लागतो, आणि यू चारच. चारही सासूबाईंकडं गेले की माझी क्यू हातात सडायची. मग क्यूआय हा दोन अक्षरी शब्द कळला, चिनी प्राणशक्ती वगैरे. सासूबाईंना तो अजून मान्य नाही. म्हणतात, "हे काय घरात बसून बनवलं का?" यू-व्ही-डब्ल्यू मधे गोंधळणाऱ्या त्या, पण सात सोंगट्या एकदम लावून वरचे 50 गुण आमच्या घरात फक्त त्यांनीच घेतलेत.

मूळचा मेहकरचा, आता संगणकवाला
प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावून ठेवायची. लिसन आणि सायलेंट दोन्ही ई-आय-एल-एन-एस-टी होतात, एकाच खणात पडतात. मग शोधायचं काही उरतच नाही. खरं सांगू, हे केल्यापासून मजा गेली.

पांढरकवडा
कॉटनमधून मले नॉट, टन, कॉट, ऑन्टू भेटले. त्याच्यापुढं गाडी जाऊन नाई रायली. सहाही अक्षरांचा दुसरा कोणाले भेटला त सांगजा.