पुढचं गाणं लागेना म्हणून ऐकलेला अल्बम (तुमचेही अनुभव लिहा)

वळवाची_सर
काल लेकाची कंपासपेटी शोधताना ड्रॉवरच्या तळाशी जुना एमपीथ्री प्लेअर सापडला आणि २०११ची ती रात्र आठवली. कोल्हापूरहून पुण्याला रात्रीची एसटी. रूममेटने सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायकाचा 'द एज ऑफ ॲड्झ' भरून दिला होता, "ऐकच" म्हणून. मी आधी दोनदा लावून बंद केला होता. पहिलं गाणं इतकं हळुवार की वाटतं, चला, आपला माणूस. दुसऱ्यापासून यंत्रांचा कल्ला. टकटक, फिस्स, मधेच बासऱ्या, मागे कोरस. दर वेळी तिथेच पुढे ढकलायचे.

त्या रात्री पुढे न्यायचं बटणच आत रुतून बसलं. शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते, त्यामुळे हलायचीही सोय नाही. ऐकत राहिले. किणीचा टोलनाका गेला. पेठ नाक्याच्या आसपास शेवटचं गाणं सुरू झालं, ते पंचवीस मिनिटांचं! मधे त्याचा आवाज पार यंत्रातून काढलेला, मग वरात निघाल्यासारखा गलका, आणि सगळं ओसरल्यावर नुसती गिटार. कराड स्टँडला दिवे लागले, कंडक्टर "दहा मिनटं" म्हणून उतरला, आणि प्लेअरवर आपोआप पहिलं गाणं पुन्हा लागलं. मग दुसरं. तोच कल्ला, पण आता कुठे काय येणार ते कानाला ठाऊक होतं. आजोबा उठले तरी मी जागची हलले नाही.

तुमचा असा कुठला अल्बम?

डोंबिवली_फास्ट_नाही
मी घरी स्पीकरवर लावलेला. आई आतून ओरडली, "मिक्सर कोणी चालू ठेवलाय?"

आधी_चहा
@डोंबिवली 😂😂 आमच्याकडे बाबांनी मेन स्विच तपासला होता

विलंबित
पंचवीस मिनिटांचं काय कौतुक? बडा ख्याल ऐकणाऱ्याला एवढ्यात कुठे अंतरा लागतो. पण मुद्दा पटला. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकायचो तेव्हा पहिली वीस मिनिटं फक्त तंबोऱ्याकडे बघत काढायचो. कळत काही नव्हतं. कान मात्र तयार होत होता, हे फार नंतर लक्षात आलं.

काजळमाया७
कव्हरवरचं चित्र बघितलंय का नीट? रॉयल रॉबर्टसन नावाच्या लुइझियानातल्या पाट्या रंगवणाऱ्याचं आहे. बायको सोडून गेली, स्किझोफ्रेनिया होता, आणि हा माणूस घरभर अंतराळयानं, भविष्यवाण्या आणि बायकोला शिव्या रंगवत राहिला. सुफ्यानने अल्बम त्याच्यावरून सुचून केलाय. मला हे माहीत झाल्यावर तो गोंधळ गोंधळ वाटेना.

माझ्या मामाच्या वह्या अशाच होत्या. दोनशेपानी, निळ्या पुठ्ठ्याच्या. समासात तारखा, बाण, देवांची नावं, मधेच किराण्याचा हिशोब. आम्ही पोरं हसायचो. मामी प्रत्येक वही भरली की नवी आणून द्यायची, काही न बोलता. अल्बममध्ये एका गाण्यात तो स्वतःचंच नाव घेऊन स्वतःला समजावतो ना, तिथे मला दर वेळी मामाच दिसतो. जास्त लिहिलं. कुकरची शिट्टी झाली, जाते.

वळवाची_सर
@काजळमाया जास्त नाही गं. मामींना नमस्कार सांग.

खडूस_काका
चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा डोकं उठलं. सुफ्यानच्याच २००५च्या 'इलिनॉय' अल्बममधला बँजो वाजवणारा मुलगा मला परत हवाय. सबुरी वगैरे ठीक आहे, पण कारलं दहा वेळा खाल्लं म्हणून गोड लागतं का?

आधी_चहा
लागतं की. गूळ-चिंच घालून करा, काका

खडूस_काका
मग ते गुळाचं कौतुक झालं 😄

बर्फातला_भाऊ
मिशिगनहून +१. आमच्या डेट्रॉइटचाच जन्म त्याचा. रच्याकने, 'ॲड्झ'चा उच्चार 'ऑड्झ' आहे म्हणे. मी हा अल्बम फक्त बर्फ उपसताना ऐकतो. दोन्ही हातांत मोजे, गाणं बदलता येत नाही. शेवटचं गाणं संपेस्तोवर ड्राइव्हवे मोकळा. वळवाच्या सरीचं बटण अडकलं, माझे हात अडकलेत, गणित तेच.

रिकामी_ओळ
टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन', १९८८. आधी नाचायची गाणी करणारा बँड, आणि हे? सुरुवातीला मला वाटलं इअरफोनची वायर तुटली, इतकी शांतता. बाळ झाल्यावर रात्री तीनला त्याला खांद्यावर घेऊन ऐकला तेव्हा जमला. आवाज वाढवायची सोयच नव्हती.

जुगाडू
वळवाची सर, ते बटण कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडेने पुसा. पण आधी बॅटरी फुगली नाही ना बघा. फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका.

वळवाची_सर
पाठ जरा उचललेली दिसतेय खरी 😟

जुगाडू
मग ठेवा खाली. पोराच्या हाती देऊ नका.

डोंबिवली_फास्ट_नाही
अवांतर: कराड स्टँडवर रात्री वडापाव मिळतो का अजून? शनिवारी जातोय.

बर्फातला_भाऊ
अरे इथे रात्रीचे अकरा वाजलेत, वडापाव काय काढतोस

वळवाची_सर
त्या रात्री मिळाला असता बहुतेक. मी उतरलेच नव्हते.