भोर-वाई पट्ट्यात गाडीभर जळाऊ ओंडके देणारा खात्रीचा माणूस हवा

चूलवाली
नमस्कार मंडळी. भोरजवळ आमची खानावळ आहे, सगळं चुलीवरचं. आत्तापर्यंत वखारीतून फोडलेलं जळण आणत होतो, ते आता परवडेना. यंदा अख्खे ओंडके एकगठ्ठा घ्यायचा विचार आहे, साधारण 10 टन. फोडायला घरचा माणूस आहे, ठेवायला पत्र्याची शेड आहे.

गेल्या खेपेला ज्याने माल दिला त्याने वरती बाभूळ रचली होती. खाली निघाली ओली निलगिरी आणि पोकळ बुंधे. काट्याची पावती मागितली तर म्हणे, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" कोणी स्वतः माल घेतलेला, माहितीतला माणूस सुचवाल का? नंबर व्यनित (खाजगी निरोपात) द्या, इथे नको.

जुना_वखारवाला
ताई, तुम्ही दर टनावर ठरवता की गाडीचा उक्ता? उक्त्यात रचणारा हुशार असला की निम्मी गाडी फटींनीच भरते. टनावर घेतलं तर ओलं लाकूड मारतं. ताज्या तोडीच्या मालात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असा 10 टन माल सुकून 20 टक्के ओलाव्यावर आला की सव्वासहा टन उरतो. समजा तुम्ही टनाला 4000 मोजलेत, तर सुकलेला टन 6400 ला पडला. ओलं घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त दर ओल्याचा द्या!

आणि काटा तुम्ही निवडायचा, त्याने नाही. भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं त्याच काट्यावर, त्याच दिवशी. भरलेल्या वजनाला क्लीनर गाडीत आणि रिकाम्या वजनाला खाली चहा पीत उभा, हा जुना खेळ आहे. ताडपत्रीचंही तेच, दोन्ही वेळा गाडीवर किंवा दोन्ही वेळा खाली. जो माणूस या दोन पावत्यांना कुरकुरतो त्याच्याकडून घेऊच नका, मग तो कोणाचा का पाहुणा असेना.

रानवाट
वरच्याला +1. पण मला कागदांची जास्त काळजी वाटते. माल कुठल्या शिवारातला, कोणत्या झाडाचा, हे आधी विचारा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, साग ही झाडं आहेत. ती स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला परवानगी लागते. सह्याद्रीच्या अंगाला स्वस्तात येणारा माल बऱ्याचदा नेमका ऐन-किंजळीचाच असतो. गाडी नाक्यावर अडली तर ड्रायव्हर तुमचं नाव सांगून मोकळा. सुबाभूळ, निलगिरी, वेडी बाभूळ यांना वाहतुकीच्या परवान्यात सवलत आहे, तरी एकदा तुमच्या वनपालांना विचारून घ्या.

चूलवाली
हे बरं सांगितलंत. एक जण "शेतातलंच आहे, कागद लागत नाही" असं म्हणत होता. झाड कोणतं विचारलं तर "मिक्स" म्हणाला.

रानवाट
मग त्याला रामराम ठोका.

माणदेशी
घाटाच्या अंगाला शोधूच नका. फलटण, माण, इंदापूरकडे बघा. आमच्याकडे बाभूळ आणि वेडी बाभूळ भरपूर, आणि कोरड्या हवेत माल लवकर वाळतो. बाभळीचा निखारा टिकतो, भाकरीला तोच हवा. सुबाभूळ स्वस्त मिळते पण तिला भुंगा लवकर लागतो. ओंडक्याखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला की समजायचं.

मी घेतो तो माणूस स्वतः शेतकऱ्यांच्या बांधावरची तोड घेतो, मधे दलाल नाही. दोन वर्षं घेतोय. माल फडावर जाऊन बघू देतो, हवा तो ओंडका तुमच्यासमोर फोडून दाखवतो. ओलावा आतल्या ताज्या फाळीवर बघायचा, टोकं तर सगळ्यांचीच वाळलेली असतात. उधारी मात्र अजिबात नाही आणि बोलायला जरा फटकळ आहे. व्यनि केलाय.

शहरी_बाबू
एवढा व्याप कशाला? गॅस किंवा पांढरा कोळसा (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या) घ्या. मुंबईत तर जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं.

चूलवाली
दादा, ते मुंबईच्या धुराबद्दल होतं. आमच्या पाटीवरच "चुलीवरचं" लिहिलंय, गॅसवर केलं तर गिऱ्हाईक पाटीसकट मला उचलतील. 😄

शिरवळकर
एमआयडीसीतली पॅकिंगची फळकुटं स्वस्त पडतात म्हणून कोणी सुचवेल. स्वयंपाकाला नको. रंग, खिळे, आणि ज्यांच्यावर 'एमबी' असा शिक्का असतो त्यांना विषारी वायूची धुरी दिलेली असते.

चूलवाली
माणदेशी दादा, त्यांच्याशी बोलणं झालं. खरंच फटकळ आहेत, पण दोन्ही वजनांना लगेच हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात फडावर जाऊन बघणार, मग निम्मीच गाडी मागवणार. थोडी निलगिरीही आहे म्हणाले, घेऊ का?

जुना_वखारवाला
घ्या, पण उतरवल्यावर लगेच ओली असतानाच फोडा. वाळली की तिचा पीळ कुऱ्हाडीला दाद देत नाही. बाभळीचं तेवढं नाही, ती सवडीने फोडली तरी चालते. थप्पी जमिनीवर टेकवू नका, खाली दगड घाला नाहीतर वाळवी आलीच. शेडच्या बाजू उघड्या ठेवा, वारा लागला पाहिजे. ताडपत्री फक्त पावसाच्या झडीच्या बाजूला.