लॉरेन्सच्या संग्रहालयात ‘बघण्यासारखं काही नाही’?

रानवारा: कालच्या प्रवासवर्णनात वाचलं, ‘न्यूझीलंडमध्ये डनेडिनहून क्वीन्सटाउनला जाताना लॉरेन्सला चहापुरतंच थांबा. तिथलं तुआपेका गोल्डफिल्ड्स म्युझियम म्हणजे जुनी फावडी आणि फोटो.’ डोकंच फिरलं. मे 1861 मध्ये गेब्रियल रीड सोनं शोधायला फावडं, खाटकाची सुरी आणि पत्र्याची थाळी घेऊन लॉरेन्सजवळच्या घळीत (आजची गेब्रियल्स गली) उतरला, आणि वर्ष संपायच्या आत मेंढ्या चरायच्या माळावर हजारो माणसं खणत होती. डनेडिनची श्रीमंती त्या सोन्याची. आज गावात जेमतेम पाचशे माणसं, ती हे सगळं जपतात आणि आपण नाकं मुरडायची? आपल्या लोकांनी तर थांबायलाच हवं. रीडच्या आधी, 1858 च्या सुमारास, त्या भागात सोनं शोधलं ते मुंबईकडून आलेल्या एडवर्ड पीटर्सने. रीडला हजार पौंड बक्षीस मिळालं. पीटर्सला 1885 मध्ये सरकारने पन्नास पौंड देऊ केले, तेही लोकांनी तेवढीच वर्गणी काढली तर! 1893 मध्ये डनेडिनच्या निराधार आश्रमात वारला बिचारा.

शेवंता_ऑकलंड: ते वर्णन माझंच. दोन लहान मुलं मागच्या सीटवर रडत असताना फलक वाचून दाखवा, मग बोला. मुलांना हात लावायला काहीतरी लागतं. आणि पीटर्स ‘आपला’ कसा? अँग्लो-इंडियन होता तो.

रानवारा: मराठी होता असं मी कुठे म्हटलं? मुंबईकडचा म्हटलं.

कातळशिल्प: जिथे तिथे आपला माणूस शोधायची ही खोड कधी जाणार? गावाच्या नावाकडे बघा आधी. 1857 ला लखनौच्या वेढ्यात मेलेल्या इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्सचं नाव ते. शेजारच्या वाइटाहुना गावाचं जुनं नाव हॅवलॉक, तोही त्याच लढाईतला इंग्रज सेनापती. ज्यांनी आपलं बंड चिरडलं त्यांची नावं मिरवणाऱ्या गावात मी अभिमानाने फिरायचं?

रानवारा: मग फिरू नका! पण त्या नावांमागे काय होतं ते कळायलाही इतिहास कुणीतरी जपावा लागतो ना?

सांजवेळ: नावांवर कसले भांडताय? चिन्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. 1865 नंतर डनेडिनच्या व्यापाऱ्यांनीच त्यांना सोनं खणायला बोलावून आणलं, आणि लॉरेन्सने गावात राहू दिलं नाही म्हणून त्यांची वस्ती वेशीबाहेर. वर 1881 पासून डोईपट्टी, माणशी 10 पौंड; 1896 ला ती 100 केली. सरकारने माफी मागितली 2002 मध्ये. मी इथे नवी आले तेव्हा फोनवर आडनाव ऐकताच ‘घर गेलं’ म्हणाले, आणि जाहिरात पुढे तीन आठवडे तशीच. त्यामुळे गाववाल्यांचं कौतुक जरा बेतानेच करा.

कातळशिल्प: ताई, घरभाड्याचा इथे काय संबंध?

सांजवेळ: तुम्हाला लखनौ चालतं, मला माझं घर चालत नाही होय?

शेवंता_ऑकलंड: रानवारा, पीटर्सचं मला खरंच माहीत नव्हतं, तेवढं तुमचं मान्य. ‘चहापुरतंच’ हा शब्द काढते. मुलांना कंटाळा आला हे मात्र काढणार नाही.

रानवारा: नका काढू. पुढच्या खेपेला मुलांना आधी गेब्रियल्स गलीत मोकळं सोडा, गावापासून जवळच आहे, मग संग्रहालयात न्या. आणि वाटेत ग्लेनोरला पीटर्सचं स्मारक लागतं, 2009 मध्ये उभारलेलं. अनावरण गव्हर्नर-जनरल आनंद सत्यानंद यांनी केलं.

कातळशिल्प: 2009? म्हणजे मेल्यावर 116 वर्षांनी. यावर वेगळा धागा काढतो.