प्रेक्षकांच्या जागेतून मोटर रेसिंगचे फोटो: जाळी आणि पॅनिंगबद्दल मदत हवी आहे

क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) कॅमेरा बॉडी आणि ७०-३०० मिमी एफ/४-५.६ लेन्स आहे. ट्रॅकच्या कडेला जायचा पास नाही, जे काही करायचे ते कुंपणाच्या जाळीमागूनच. कडक उन्हात शटर १/१००० सेकंदाला ठेवले की गाडी स्पष्ट येते, पण रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. पॅनिंग करताना (गाडीबरोबर कॅमेरा फिरवताना) ते १/६० वर आणले की फोटोवर जाळीचे राखाडी पट्टे येतात आणि गाडीचे नाक स्पष्ट, मागचा भाग पुसट. फोकसही मध्येच जाळीवर जातो. काय बदलू?

प्रतिसाद १
गाडी उभी दिसते ती चाकांमुळे. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरला तर ताशी १०० किमी वेगाला ते सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. १/१००० मध्ये ते जेमतेम ५ अंश फिरते, म्हणून आरे गोठलेले दिसतात. १/१२५ मध्ये ४० अंश फिरते आणि वेग दिसू लागतो. १/२५० ने सुरुवात करा, हात बसला की १/१२५. १/६० इतक्यात नकोच, तिथे सरावलेल्यांच्याही बहुतेक फ्रेम वाया जातात. समोरून येणाऱ्या गाडीला मात्र १/१००० चालेल, कारण त्या कोनातून चाकांचे आरे दिसतच नाहीत.

पाय फोटो घ्यायच्या जागेकडे रोखून उभे राहा आणि कमरेतून वळून गाडी लांबूनच पकडा. कोपरे अंगाला चिकटलेली हवीत. बर्स्ट (सलग झटपट फोटो) ३ ते ५ फ्रेमचा पुरे, पण तो संपल्यावरही लेन्स फिरवत राहा. शटर दाबताना हात थांबतो, तिथेच निम्मे फोटो जातात. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीला) पॅनिंगचा मोड असेल तर तो लावा, नसेल तर ते बंद करा. साधा मोड आडव्या हालचालीलाही विरोध करतो.

प्रतिसाद २
जाळीचे पट्टे आणि मंद शटर ही एकच अडचण आहे. उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि १/१२५ ठेवले की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/१६ च्या आसपास जाते (आकडा मोठा तितके छिद्र बारीक), १/६० ला त्याहून बारीक. ३०० मिमीवर एफ/५.६ चे छिद्र सुमारे ५४ मिमी रुंद असते, एफ/१६ चे फक्त १९ मिमी. जाळीची तीच तार आता जवळजवळ तिप्पट हिस्सा अडवते. म्हणून एनडी ८ फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) लावा: प्रकाश तीन स्टॉप, म्हणजे एक-अष्टमांश, होतो आणि १/१२५ ला एफ/५.६ मिळते. आयएसओ ऑटोवर नको, १०० ला बांधा.

हूड काढून लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. जाळीवर थेट ऊन पडत असेल तर तार चमकते आणि सगळा फोटो धुरकट होतो; अशा वेळी सावलीतला भाग शोधा. जाळीजवळ जायला मनाई असेल तर ती पाळा आणि तिच्यावरून ट्रॅक दिसेल असा उंच स्टँड गाठा.

प्रश्नकर्ता
एनडी लावल्यावर फोकस मंदावणार नाही ना? आणि मागचा भाग पुसट का येतो?

प्रतिसाद २
उन्हात अडचण येत नाही. ढग आले की फिल्टर काढा. फोकस जाळीवर जाऊ नये म्हणून लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसची हद्द ठरवणारे बटण) असेल तर दूरच्या टप्प्यावर ठेवा. कॅमेऱ्यात फोकस ट्रॅकिंगची (गाडीचा पाठलाग करणाऱ्या फोकसची) संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्ये तार आली तरी कॅमेरा गाडी सोडत नाही. गाडी येण्याआधी ट्रॅकच्या त्याच जागेवर फोकस करून ठेवणेही उपयोगी पडते.

प्रतिसाद १
मागचा भाग पुसट येतो तो कोनामुळे. गाडी तिरकी येत असते तेव्हा नाक तुमच्या जवळ आणि शेपूट लांब असते, त्यामुळे फ्रेममध्ये दोघांचा वेग वेगळा पडतो. तुमची फिरकी एकाशीच जुळते. सरळ पट्ट्यावर गाडी बरोबर काटकोनात आली की नाक आणि शेपूट सारख्याच अंतरावर असतात, बर्स्टचा मधला फोटो तिथे यायला हवा. वळणाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या केंद्राजवळ प्रेक्षकांना जागा असेल तर ती सर्वांत चांगली. तिथून अंतर आणि कोन बराच वेळ तेच राहतात, त्यामुळे १/६० लाही पूर्ण गाडी स्पष्ट मिळू शकते. बाहेरच्या बाजूलाच उभे राहावे लागले तर ट्रॅकपासून थोडे लांब जा आणि ३०० मिमी वापरा. अंतर वाढले की हा फरक कमी होतो.