शिकाऊ म्हणजे फुकट राबणारा नव्हे

'शिकाऊ वायरमन वर्षानुवर्षं हाताखालीच राबतो' असं कुणी कुणी म्हणतं. युनियनच्या कामात तसं नसतं. अमेरिकेत आयबीईडब्ल्यू या वीज कामगारांच्या संघटनेत (स्थापना १८९१, सेंट लुईस) इनसाइड वायरमनची (इमारतींच्या आतलं वायरिंग करणारा) शिकाऊ उमेदवारी साधारण ५ वर्षांची: साइटवर ८,००० तास, शिवाय किमान ९०० तास वर्ग. कामाचा पगार सुरुवातीपासूनच, पूर्ण कारागिराच्या दराच्या ठरावीक टक्क्यांत आणि टप्प्याटप्प्याने वाढता. प्रशिक्षण संघटना आणि कंत्राटदार मिळून चालवतात, त्यामुळे कॉलेजसारखं कर्ज डोक्यावर बसत नाही. (प्रवेश परीक्षेत बीजगणित असतं, ते घासून ठेवा!) मात्र कारागीर झाल्यावरही एक काम संपलं की युनियन हॉलच्या (संघटनेचं कार्यालय, जिथून पुढचं काम मिळतं) यादीत नाव लावून थांबावं लागतं. मंदीत ते थांबणं लांबतं, तेव्हा गाठीला पैसे हवेत.